नेव्ही, कोस्ट गार्ड की मार्कोस? सोलापुरातून दर्याकडे बघताना

भाचा रोज पहाटे पाचला होम मैदानावर पळतो. आधी पोलीस भरतीसाठी पळायचा. हल्ली मोबाईलवर काय पाहिलं कुणास ठाऊक, एका संध्याकाळी येऊन म्हणाला, "मामा, मला मरीन व्हायचंय बघा." पोहायला तो आजोळच्या विहिरीत शिकला, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिलाय, तोही गिरगावच्या वाळूवरून.

त्याला आधी सांगितलं की 'मरीन' नावाचं स्वतंत्र दल आपल्याकडं नाहीच. अमेरिकेची मरीन कोर १७७५ सालची, ब्रिटनच्या मरीन्सची परंपरा तर १६६४ पर्यंत मागं जाते. जहाजावरून उतरून किनाऱ्यावर लढणारी ही फौज. अमेरिकेत तिची लढाऊ विमानंसुद्धा स्वतःची असतात. आपल्याकडं हेच काम वाटून दिलंय. किनाऱ्यावर उतरणाऱ्या पायदळाच्या तुकड्या लष्कराच्या, त्यांना वाहून नेणारी 'जलाश्व'सारखी जहाजं नौदलाची. चोरपावलांनी पाण्यातून जाऊन घाव घालणारे कमांडो, म्हणजे मार्कोस, तेही नौदलाचेच.

म्हणजे बारावी झालेल्या पोरापुढं खरे दरवाजे दोनच: नेव्ही आणि कोस्ट गार्ड. मार्कोस हा नेव्हीच्या आतला दरवाजा आहे, त्याची थेट भरती निघत नाही. 'थेट मार्कोसची तयारी' असा फलक कुठं दिसला तर फी भरण्याआधी एवढं आठवा.

तरी मार्कोसबद्दल बोलल्याशिवाय भाचा पुढचं ऐकायला तयार नव्हता. १९८७ साली ही तुकडी उभी राहिली, त्याच वर्षी श्रीलंकेत तिचा कस लागला आणि पुढच्या वर्षी मालदीवमध्ये. नव्वदच्या दशकात काश्मिरात वुलर सरोवरावर तैनात झाले तेव्हा दाढी राखून वावरायचे, म्हणून त्यांना 'दाढीवाली फौज' म्हणायचे. २६/११ ला ताज हॉटेलात शिरलेलेही हेच. मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांच्या ताब्यातल्या 'रुएन' जहाजासाठी हवाई दलाच्या विमानातून ते भर समुद्रात उतरले. चाळीसेक तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. हे सगळं खरं आहे. पण नेव्हीतूनच पुढं आलेल्या स्वेच्छेच्या उमेदवारांपैकी बहुतेक जण सुरुवातीच्या आठवड्यांतच गळतात, हेही तितकंच खरं. मार्कोस झालो नाही तरी नेव्ही चालेल का, या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तरच त्या वाटेला जावं.

आता खरी तुलना.

नेव्हीत शिपाई पातळीवर आता बहुतांशी अग्निवीर म्हणूनच जाता येतं. ही अग्निपथ योजना जून २०२२ ची. मुदत चार वर्षं, नंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,०००. चौथ्या वर्षी आकडा ४०,००० होतो. बाहेर पडताना सरकारचा वाटा आणि व्याज धरून सुमारे ११.७१ लाख एकरकमी मिळतात, पेन्शन नाही. एसएसआर म्हणजे बारावीवाल्यांच्या भरतीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं, एमआर म्हणजे मॅट्रिकवाल्यांच्या भरतीला दहावी पुरते.

कोस्ट गार्ड अग्निपथमध्ये नाही. नाविक म्हणून लागलात की नोकरी कायमची, निवृत्तीच्या वयापर्यंत. मूळ पगार २१,७००, वर महागाई भत्ता आणि बाकीचे भत्ते. जनरल ड्युटीला बारावी गणित-भौतिकशास्त्रासह, डोमेस्टिक ब्रँचला, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाक-वाढप्याच्या कामाला, दहावी. दहावीनंतर इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा असेल तर यांत्रिक पद बघा, तिथं मूळ पगार २९,२०० पासून. पॉलिटेक्निक करून पुण्याच्या कंपन्यांत कंत्राटावर खपणारी आपली पोरं ही जाहिरात बघतच नाहीत, याचं मला नवल वाटतं.

मग कोस्ट गार्डच बरं, असं घरातली मोठी माणसं लगेच म्हणतील. माझी बहीणही म्हणाली. पण दोन्ही दलांचा जन्मच वेगळ्या गरजेतून झालाय आणि रोजचं कामही त्यामुळंच वेगळं. सत्तरच्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची तस्करी बोकाळली होती. युद्धनौका त्यामागं लावणं परवडणारं नव्हतं. रुस्तमजी समितीनं वेगळ्या दलाची शिफारस केली, आणि १ फेब्रुवारी १९७७ ला दोन फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) व पाच गस्ती बोटींवर कोस्ट गार्ड सुरू झालं. कायदा १९७८ चा. आजही काम तेच: गस्त, तस्करांचा पाठलाग, वादळात अडकलेल्या मच्छीमारांना काढणं, तेलगळती आवरणं. ब्रीद 'वयम् रक्षामः', आणि ते शब्दशः खरं. युद्ध लढणं हे नेव्हीचं काम. ४ डिसेंबर हा नौदल दिन १९७१ च्या कराची हल्ल्याची आठवण आहे. महिनोन्‌महिने दूरच्या समुद्रात राहणं तिथं नेहमीचं. कोस्ट गार्डचा वावर बराचसा आपल्या किनाऱ्याच्या आसपास. रत्नागिरी, मुरुड, डहाणू इथं त्यांची ठाणी आहेत. अर्थात पोस्टिंग अंदमानलाही लागू शकतं.

तळांबद्दल एक गंमत. जमिनीवरच्या तळालाही नौदल 'आयएनएस' म्हणजे जहाजच म्हणतं. ही इंग्रजांच्या आरमाराची जुनी रीत. आपल्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या वाटेवरच असं एक 'जहाज' आहे: लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी, फेब्रुवारी १९४५ पासून घाटमाथ्यावर नांगर टाकून बसलेलं. जहाजांची इंजिनं सांभाळणारे तिथं घडतात. मुंबईच्या आयएनएस आंग्रेचं नाव आधी डलहौसी होतं, ते १९५१ साली कान्होजींच्या नावानं बदललं. घरात कन्नड बोलणाऱ्या सोलापूरकरांना कारवारचं आयएनएस कदंब जवळचं वाटेल, २००५ पासूनचा तो तळ. आणि ओडिशातल्या चिल्का सरोवराकाठचं आयएनएस चिल्का तर दोन्हीकडच्या पोरांची पहिली शाळा. नेव्हीत जा की कोस्ट गार्डात, पहिला घाम तिथंच गळणार.

मैदानाचं म्हणाल तर पोलीस भरतीवाल्यांची निम्मी तयारी झालेली असते. अंतर तेच, १६०० मीटर. नेव्हीत ते साडेसहा मिनिटांत, कोस्ट गार्डात सात मिनिटांत, शिवाय उठाबशा आणि जोर. गोळाफेक नाही. निवडीत पोहण्याची परीक्षा नसते, तेव्हा विहीर न पाहिलेल्यांनीही घाबरू नये. पोरं अडतात ती संगणकावरच्या लेखी परीक्षेत आणि वैद्यकीय तपासणीत. सपाट तळवे आणि रंगांधळेपणा आधीच गावातल्या डॉक्टरांकडून बघून घ्या, दोन वर्षं पळून झाल्यावर कळण्यापेक्षा.

मुलींसाठी हिशोब सोपा आहे. नेव्हीच्या अग्निवीरांत मुलींना जागा आहेत, पहिल्याच तुकडीत २७३ जणी होत्या. कोस्ट गार्डच्या नाविक पदाच्या जाहिराती मात्र आजवर मुलांसाठीच निघत आल्यात, तिथं मुलींना अधिकारी म्हणून जावं लागतं.

माझं मत विचाराल तर घरची शेती कोरडवाहू, मागं धाकटी भावंडं आणि पगारावर घर चालणार असेल, तर आधी कोस्ट गार्ड. घर थोडं सावरलेलं असेल आणि पोराला खरंच लढाऊ जहाजाची ओढ असेल, तर नेव्ही. चार वर्षांनी बाहेर पडलाच तर कोस्ट गार्डमध्ये अग्निवीरांसाठी १० टक्के जागा आणि वयात सवलत जाहीर झालेली आहे. उलट वाट सोपी नाही, कारण नेव्हीची वयोमर्यादा २१ ला संपते आणि कोस्ट गार्डची २२ ला.

भाच्याचं वय सतरा वर्षं नऊ महिने. नेव्हीला साडेसतरा चालतात, कोस्ट गार्डला अठरा पुरे लागतात. बहिणीनं कॅलेंडरवर दोन्ही तारखांना खुणा केल्यात. नेव्हीचा फॉर्म या वेळी, कोस्ट गार्डचा वाढदिवसानंतर. भाच्याचं सध्या एकच म्हणणं आहे, भौतिकशास्त्राची शिकवणी लावून द्या.