एकवीस वर्षांची कादंबरी, सहा महिन्यांची मालिका

रॉबर्ट जे. सॉयरचं 'फ्लॅशफॉरवर्ड' मी वाचलं २००९च्या पावसाळ्यात. डेक्कनच्या फुटपाथवर ऐंशी रुपयांना घेतलेली प्रत, पहिली चार पानं भिजून फुगलेली. तेव्हा घरात माझ्यासाठी स्थळं बघत होते. रविवारी बाहेरच्या खोलीत पोहे आणि आतल्या खोलीत उशीखाली हे पुस्तक.

गोष्ट जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतली. २१ एप्रिल २००९ला हिग्ज बोसॉन हा तोवर न सापडलेला मूलकण शोधायचा प्रयोग सुरू होतो आणि त्याच क्षणी सगळ्या जगाची शुद्ध हरपते. जेमतेम दोन मिनिटं प्रत्येकाला २१ वर्षांनंतरचं स्वतःचं आयुष्य दिसतं. तेवढ्या वेळात गाड्या आदळतात, विमानं कोसळतात. शास्त्रज्ञ लॉइडचं मिचिकोशी लग्न ठरलेलं, पण त्याला शेजारी दिसते दुसरीच बाई. मिचिकोची लहानगी मुलगी त्याच दोन मिनिटांत गाडीखाली जाते. सहकारी थिओला काहीच दिसत नाही, म्हणजे तोवर तो उरलेलाच नाही.

नारळीकरांच्या कथांवर वाढल्यामुळे मला विज्ञानकथेत विज्ञान लागतं, आणि इथे ते भरपूर आहे. कादंबरी १९९९ची. प्रत्यक्षात सर्नचं कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र सप्टेंबर २००८मध्ये सुरू झालं, नऊ दिवसांत बिघडलं आणि त्या एप्रिलमध्ये दुरुस्तीलाच होतं. हिग्ज सापडल्याची घोषणा जुलै २०१२ची. दहा वर्षं आधी लिहिताना माणूस किती जवळ पोचला! शेवटाकडचा पाठलाग मात्र ओढूनताणून आणलाय.

पण मला धरून ठेवलं ते लॉइडच्या प्रश्नानं. वीस वर्षांनी हे टिकणार नाही असं आधीच कळलं, तर आज हो म्हणायचं का? त्या दिवसांत मी रोज हाच विचार करत होते.

२००९च्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर या कादंबरीवरची मालिका आली. आम्ही ती पुढच्या वर्षी पेनड्राईव्हवरून पाहिली. पहिला भाग जबरदस्त आहे: लॉस एंजेलिसचा हायवे, उलटलेल्या गाड्या, धूर आणि त्या सगळ्यातून उड्या मारत जाणारा कांगारू. पण इथे १३७ सेकंदांत दिसतात फक्त सहा महिने पुढचे. मुख्य पात्र एफबीआयचा माणूस, आणि लग्नाचा प्रश्न त्याच्या बायकोकडे गेलाय. तिला स्वतःसोबत दुसरा पुरुष दिसतो, तोही लॉइडच. सहा महिन्यांत नात्याला झिजायला वेळच मिळत नाही. उरते ती तारीख गाठायची घाई आणि भिंतीवरचे पुरावे. २२ भागांनंतर मे २०१०मध्ये मालिका बंद झाली, कोडी अर्धवट टाकून. मला फार वाईट वाटलं, कारण सातवा भाग खरोखर उंचीचा आहे. दिसलेलं भविष्य खोटं ठरावं म्हणून एक एजंट गच्चीवरून उडी मारतो.

कादंबरीत याचं बीज थिओच्या भावाच्या गोष्टीत आहे. त्याला लेखक व्हायचं असतं, आणि दिसतं की तो हॉटेलातच राबतोय. तो जीव देतो, आणि त्यामुळेच कळतं की भविष्य बदलू शकतं. हे प्रकरण सॉयरनं फार थोड्या पानांत संपवलंय, तरी मला पुस्तकात सगळ्यात जास्त तेच लागलं.

ज्याला मी शेवटी होकार दिला, त्याला लग्नाआधी ही प्रत वाचायला दिली होती. पंधरा दिवसांनी परत आली तेव्हा त्या भावाच्या पानावर पेन्सिलीची रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "याच्याशी कुणीतरी आधी बोलायला हवं होतं."