धोरणाच्या टेबलावर एआय: आठ महिन्यांचा अनुभव

मी सरकारी खात्यात नियमांचे आणि धोरणांचे मसुदे करतो. आठ महिन्यांपूर्वी खात्याने स्वतःच्या यंत्रणेत बसवलेलं एआय आम्हाला वापरायला दिलं. (बाहेरच्या चॅटबॉटमध्ये फाइल टाकायची नाही, ही अट पहिल्या दिवसापासून आहे आणि ती रास्तच आहे.)

सर्वात जास्त वापरलं ते हरकती-सूचना वाचायला. एका मसुद्यावर ११०० पत्रं आली. एरवी त्यात तिघांचे दोन आठवडे गेले असते. एआयने दुपारपर्यंत नऊ विषय पाडून दिले. मी ४० पत्रं उचलून ताडून पाहिली. वर्गवारी ठीक होती. मग सहज 'इतर' हा उरलेल्यांचा गट उघडला. तिथे दीड पानाचं एकच पत्र: कलम ४ मधली 'कुटुंबा'ची व्याख्या आणि कलम ११ मधली पात्रतेची अट एकत्र वाचली, तर नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईला अर्जच करता येत नाही. एवढ्या गठ्ठ्यात हे एकालाच दिसलं होतं, आणि ते खरं होतं. उलट पहिल्या क्रमांकाच्या 'विषया'तली तीनेकशे पत्रं एकाच छापाची, खाली नाव तेवढं वेगळं.

ब्रिटन सरकारचं 'कन्सल्ट' हे एआय साधन हेच काम करतं. २०२५ मध्ये स्कॉटलंड सरकारकडे सौंदर्योपचारांच्या नियमनावर आलेल्या २००० हून अधिक प्रतिसादांवर ते चालवलं, तेव्हा विषय जवळपास माणसांनी काढले तसेच निघाले. माझेही निघाले होते. पण विषय बरोबर निघाले म्हणून ते पत्र सापडलं नसतं.

दुसरा दणका भाषेचा. एक कलम 'सोपं करून दे' म्हटलं. 'अर्जदारास ३० दिवसांत कळविण्यात येईल' याचं झालं 'अर्जदाराला ३० दिवसांत कळवता येईल'. वाचायला सुटसुटीत, पण खात्यावरचं बंधन गेलं आणि तिथे मर्जी आली! हे वरिष्ठांनी पकडलं, मी नाही. तेव्हापासून कलमांच्या क्रियापदांना मी त्याला हात लावू देत नाही.

एआय रचून देतं त्या खोट्या संदर्भांबद्दल फार लिहीत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रोजगार खात्यासाठी केलेल्या अहवालात अस्तित्वात नसलेले संदर्भ निघाले आणि २०२५ मध्ये तो करणाऱ्या डेलॉइट या सल्लागार कंपनीला काही रक्कम परत करावी लागली, हे जगजाहीर आहे. ज्या कागदाची प्रत माझ्या हातात नाही, तो माझ्या टिपणीत येत नाही.

वेळेचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये २०,००० सरकारी कर्मचाऱ्यांना एआय देऊन केलेल्या प्रयोगात दिवसाला सरासरी २६ मिनिटं वाचल्याचं त्या कर्मचाऱ्यांनीच सांगितलं. कच्च्या मसुद्यात माझीही वाचतात. तपासणीत त्यातली बरीच परत जातात.

मला सर्वाधिक उपयोग झाला तो वेगळ्याच कामात. तयार मसुदा देऊन म्हणायचं, 'यातून पळवाट काढ.' मागच्या वेळी सात काढल्या. चार पोरकट, दोन आम्हाला माहीत असलेल्या. सातवीमुळे एक पोटकलम नव्याने लिहावं लागलं. एरवी प्रत्येक मसुद्याला 'उत्तम आणि सर्वसमावेशक' म्हणणारं हे यंत्र भांडायला सांगितलं की बरं चालतं.

गेल्या आठवड्यात पुन्हा ६०० पत्रं आली. 'इतर'मध्ये ४१ होती. ती मी छापून घेतली आहेत.