पोलिसांचा वायरलेस ऐकवणारा सेट: पैसे पाठवण्याआधी हे वाचा

हायवे 53 वर पारोळा ते मुक्ताईनगर कुठंही अपघात झाला, की आम्हा तालुक्याच्या बातमीदारांना कळतं ते दुसऱ्या कुणी फोटो टाकल्यावर. नेमकी ही दुखरी नस धरून टेलिग्रामवर जाहिरात आली: ‘जळगाव, धुळे, नंदुरबार पोलीस वायरलेस लाइव्ह ऐका. लायसन्स-फ्री सेट, पक्क्या बिलासह.’ आम्ही तिघांनी वर्गणी काढून 8,500 रुपये यूपीआयनं पाठवले.

कुरिअरनं सेट आला. वजनाला खेळण्यासारखा, बिलाचा पत्ता नाही, मागच्या स्टिकरवर ‘446 मेगाहर्ट्झ’. एरंडोलच्या नाक्यावर उभं राहून बटण फिरवलं आणि स्पष्ट आवाज आला, “पनीर संपलं, वरून पाठव लवकर!” जवळच्या मंगल कार्यालयातले वाढपी बोलत होते. आमचा एक जण म्हणाला, “हाई काय शे भो?”

‘लायसन्स-फ्री’ हे अर्धं खरं असतं, म्हणून तर माणूस गंडतो. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा कमी ताकदीच्या वॉकीटॉकींसाठी 2018 च्या नियमांनी विनापरवाना मोकळा आहे. पोलीस तिथं बोलतच नाहीत.

फोन केला तर विक्रेता गोड बोलला. “दादा, पोलिसांचं बोलणं एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतं. त्याची किल्ली वेगळी, 4,000 रुपये. अ‍ॅपवर टाकून देतो.” तेही भरले. अ‍ॅप उघडलं तर ‘टेन-फोर, टेन-फोर’ (तिकडच्या पोलिसांचं ‘निरोप मिळाला’), आणि पुढं अस्सल अमेरिकन इंग्रजी! तिकडे स्कॅनरवर पोलिसांचं बोलणं ऐकण्याची जुनी रीत आहे आणि ते ऐकवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. त्यातलंच एक आम्हाला विकलं होतं. तिथंही आता दारं बंद होताहेत: डेन्व्हरनं 2019 मध्ये वायरलेस एन्क्रिप्ट केला, न्यूयॉर्कच्या पोलिसांनी 2023 पासून सुरुवात केली. एकदा एन्क्रिप्ट केलं, की किल्ली खात्याच्या सेटमध्येच राहते. ती ज्याच्याकडे नाही त्याला नुसती खरखर. अशी किल्ली टेलिग्रामवर 4,000 ला मिळेल का?

पैसे परत मागितले तेव्हा खरा डाव उघडा पडला. दुसऱ्या नंबरवरून ‘दूरसंचार विभागाचा अधिकारी’ बोलू लागला: तुमच्या नावावर बेकायदा सेट आहे, गुन्हा दाखल होतोय, 25,000 भरा, प्रकरण मिटवतो. सोबत शिक्क्याची नोटीसही पाठवली. त्यात कायदा जुना, 1885 चा आणि ‘जळगाव’ चुकीचं लिहिलेलं! या टोळीचा सगळा धंदा एका गोष्टीवर चालतो: पोलिसांचं चोरून ऐकायला निघालेला माणूस पोलिसांकडे जाणार कुठल्या तोंडानं?

आणि भीती घालायला खरा कायदा हाताशी आहेच. आपल्याकडे पोलिसांचा वायरलेस ऐकायची मुभा सामान्य माणसाला नाही. 2023 च्या दूरसंचार कायद्याच्या कलम 42 नुसार दुसऱ्यांचे संदेश बेकायदा ऐकल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण गुन्हा मिटवायला कुठलंच खातं यूपीआयवर पैसे मागत नाही.

आम्ही 25,000 भरले नाहीत. 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लावला, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, चॅट आणि ती नोटीस सायबर पोर्टलवर चढवली. उशीर झाल्यानं त्या खात्यात काही उरलं नव्हतं. तुमचे पैसे गेले तर पहिल्या तासातच फोन करा. तीच जाहिरात आता ‘मराठवाडा पोलीस वायरलेस लाइव्ह’ या नावानं फिरतेय. जालना, बीडकडचे कुणी बातमीदार ओळखीचे असतील तर त्यांना हे पाठवा.