ऑटो रिन्यू 'ऑन' असूनही डॉट कॉम गेलं, आता जवळपास वर्षभर डॉट इनवर - वापरानंतरचा अनुभव

जुन्या रजिस्ट्रारचं, म्हणजे वेबसाइटचं नाव (डोमेन) विकणाऱ्या कंपनीचं, नाव घेत नाही. परदेशी आहे, जाहिराती जोरात करतो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं एखादं डोमेन तिथेच पडलेलं असणार. भावाच्या देवगडच्या बागेतला हापूस थेट विकायला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तिथे डॉट कॉम घेतलं आणि पाच वर्षांचे पैसे एकदम भरले, कारण पहिल्या वर्षीचा रेट आणि नंतरचा रिन्यूअल यातला फरक बघूनच डोकं फिरलं होतं. पॅनेल सुटसुटीत, डीएनएस (नाव कुठल्या सर्व्हरकडे जायचं त्याची नोंद) बदलला की लगेच लागू. तेव्हा विचारलं असतं तर चार स्टार दिले असते.

मुदत संपली एप्रिल २०२५ ला, ऐन सीझनमध्ये. पॅनेलवर ऑटो रिन्यूचं बटण हिरवंगार. आधी आलेल्या मेलमध्येसुद्धा लिहिलेलं, सेव्ह केलेल्या कार्डातून पैसे कापले जातील, तुम्ही काही करू नका. आता ते कार्ड सेव्ह झालेलं २०२० ला. मध्ये रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून ई-मँडेट (दर वेळी पैसे कापायला ग्राहकाने दिलेली परवानगी) नसेल तर कार्डावरचं ऑटो डेबिट बंद केलं, ऑक्टोबर २०२२ पासून तर दुकानदाराला कार्ड नंबर साठवूनच ठेवता येत नाही, टोकन, म्हणजे नंबराच्या जागी वापरायचा कोड, लागतं. म्हणजे त्या बटणामागे पैसे कापता येतील असं कार्ड साडेतीन वर्षं नव्हतंच, आणि बटण आपलं हिरवंच! भारतातली गिऱ्हाईकं चालतात, भारतातला नियम बघायला माणूस नाही. ते एक बटण लाल केलं असतं ना, तर हा लेखच लिहावा लागला नसता. बाकी सगळं माफ आहे मला, हे बटण नाही.

साइट बंद पडली तेव्हा पेट्या निघायला सुरुवात झालेली, फोन यायला लागले की अहो साइट उघडत नाही, ऑर्डर कुठे टाकू. चॅटवर गेलो तर पलीकडचा म्हणतो, सर हूइज (डोमेनची नोंद दाखवणारी यादी) बघा, एक्सपायरी २०२६ दाखवतंय, डोमेन रिन्यू झालंय, प्रॉब्लेम होस्टिंगचा, म्हणजे साइट जिथे ठेवलीय तिथला, असेल. आणि खरंच २०२६ दिसत होतं! गंमत अशी की डॉट कॉमची रजिस्ट्री (सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ वही ठेवणारी) मुदत संपल्या दिवशी आपणहून तारीख एक वर्ष पुढे ढकलते, आणि रजिस्ट्रारला ४५ दिवसांपर्यंत ते नाव परत करायची मुभा असते. तुम्ही पैसे भरलेत की नाही याच्याशी त्या तारखेचा काही संबंध नाही. हे मला नंतर दुसऱ्याने सांगितलं. ज्यांचा धंदाच हा आहे त्यांच्या सपोर्टला ते माहीत नव्हतं, किंवा होतं आणि सांगितलं नाही, देव जाणे. होस्टिंगवाले म्हणे आमच्याकडे सगळं ओके, नेमसर्व्हर (नाव कुठे वळवायचं ते सांगणारा सर्व्हर) बघा, तुमचं डोमेन पार्किंगवर, म्हणजे रजिस्ट्रारच्या रिकाम्या पानावर, टाकलंय.

या टोलवाटोलवीत नाव त्यांनीच लिलावाला काढलं आणि विकलं. मी ३० दिवसांच्या रिडेम्प्शनच्या (गेलेलं नाव सोडवायच्या मुदतीच्या) भरवशावर होतो, दंड भरू आणि सोडवून घेऊ. पण रिडेम्प्शन लागतं नाव डिलीट झाल्यावर. लिलावात गेलेलं नाव डिलीट होतच नाही, सरळ दुसऱ्याच्या खात्यात जातं. तिथे आता सट्ट्याच्या जाहिराती आहेत आणि खाली 'हे डोमेन विकणे आहे', किंमत चार आकडी, डॉलरमध्ये. वायपोकडे (डोमेनचे वाद सोडवणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था) तक्रार करायची तर एका पंचाची फीच १५०० डॉलर, वर समोरच्याची लबाडी आपणच सिद्ध करायची. तेवढ्यात किती पेट्या येतील याचा हिशोब केला आणि गप्प बसलो. मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम १९९९ च्या ख्रिसमसला असंच रिन्यू व्हायचं राहिलं, हॉटमेलची लॉगिनं अडकली, तेव्हा एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डाने ३५ डॉलर भरून टाकले. आमच्या नशिबी सट्टावाला आला.

आता नवीन रजिस्ट्रार, भारतातला, डॉट इन. पॅनेल बघून पहिल्या दिवशी वाटलं हे काय घेतलं आपण, २००८ सालचं दिसतंय, मोबाइलवर अर्धं बटण स्क्रीनच्या बाहेर. दोन स्टारच्या वर देणार नव्हतो. पण मत बदललंय. पैसे यूपीआयने जातात, कार्ड साठवायची भानगडच नाही, ऑटो रिन्यू नाहीच असं तोंडावर सांगतात आणि मुदत जवळ आली की फोन करतात, माणूस, मराठीत. बिल जीएसटी नंबरसकट येतं. रिन्यूअलचा रेट पहिल्या वर्षाइतकाच नाही, पण फरक पोटात दुखेल एवढाही नाही. सपोर्ट रविवारी बंद असतो, ते मात्र खटकतं.

स्टिकरचा खर्च वेगळाच. जुना पत्ता छापलेल्या रिकाम्या पेट्यांची अख्खी थप्पी गोठ्यात होती, त्यावर वहिनीने आणि पोरांनी एकेक स्टिकर चिकटवला, तरी उन्हाने कोपरे सुटले की खालचं डॉट कॉम दिसतंच.

आणि ज्यांचं डोमेन आत्ता हातातून चाललंय त्यांनी साइटचं राहू द्या, आधी मेल बघा. जुन्या रजिस्ट्रारच्याच फॉर्मवर 'बिझनेस ईमेल द्या' होतं म्हणून त्याच डोमेनचा दिलेला, त्यामुळे मुदतीनंतरची आठवण आली असेल तर ती बंद पडलेल्या मेलबॉक्समध्ये गेली. नवीन मालकाने मनात आणलं तर त्या पत्त्यावरचे मेल त्याला मिळतील, पासवर्ड बदलायच्या लिंकासुद्धा. इन्स्टा आणि बँकेचा मेल बदलून झाला. कुरिअरचं खातं अजून अडकलंय, ओटीपी जुन्याच पत्त्यावर जातो, त्यांना लेटरहेडवर अर्ज दिलाय, त्या लेटरहेडवरही जुनाच पत्ता आहे म्हणून परत मागवलाय.