वर्षभर स्कूबा टाक्या भरून घेतल्यावर: गेजवर 200, कोल्हापुरात 180

आमच्या तालमीच्या पोरांनी वर्गणी काढून घेतलेल्या 11 लिटरच्या ॲल्युमिनियमच्या टाक्या आम्ही मालवणकडच्या एका डाइव्ह शॉपमधून भरून आणतो. विहिरीत, नदीत शोधायला उतरण्याचा सराव इथल्या जलतरण तलावावर चालतो. दर पूर्ण 200 बारचा (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) देतो. फोंडा घाट चढून कोल्हापुरात आल्यावर रात्री गेज (दाब मोजायचा काटा) लावला की काटा 180 वर! दर वेळी हेच.

आधी वाटलं व्हॉल्व्ह गळतोय. साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. ओ-रिंग, म्हणजे व्हॉल्व्हची रबरी कडी, तीही चांगली. खरं कारण भरण्याच्या घाईत आहे. दोन-तीन मिनिटांत हवा कोंबली की टाकी हात लावू देत नाही इतकी तापते. आतली हवा 60 अंशांवर असताना दाखवलेले 200 बार 25 अंशांवर आले की 180 च्या आसपासच राहतात. म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या जवळपास हवा कमी. 10 मीटर खोलीवर शांतपणे श्वास घेणाऱ्यालाही ती 5 मिनिटं पुरते. पैशांचं दुःख आहेच, वर्गणी पोरांच्या खिशातली आहे. पण पाण्याखाली ती 5 मिनिटं फार मोठी असतात.

दुकानदाराला बोललो तर म्हणाला, "दादा, गेजवर दोनशे दिसतंय ना?" टाकी गार राहावी म्हणून पाण्याच्या पिंपात ठेवून भरली तरी फरक थोडाच पडतो, आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी पाणी राहिलं तर ते आत जातं. मिनिटाला 20 ते 40 बार या गतीने भरा, एवढंच आमचं मागणं होतं.

तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर मी या दुकानाला एकच तारा दिला असता. मग त्याच माणसाने आमची एक टाकी परत केली. टाकीच्या खांद्यावरच्या शिक्क्यानुसार हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाने टाकीची मजबुती तपासतात ती) 5 वर्षं उलटून गेली होती. "पैसे नकोत, ही मी भरणार नाही." त्या दिवशी त्याच्याबद्दलचं माझं मत बदललं. त्याच्या कंप्रेसरची हवा ओढणारी नळीही जनरेटरच्या धुरापासून लांब, उंचावर आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे ही काळजी घेणारा माणूस मला मोलाचा वाटतो.

इथले मित्र सुचवतात, शिरोली एमआयडीसीत ओळखीने भर, नाहीतर ऑक्सिजन भर. अजिबात नको, भावांनो. कारखान्याच्या साध्या कंप्रेसरला 200 बारचा दाब पेलत नाही, वर हवेत तेल येतं. आणि शुद्ध ऑक्सिजन 6 मीटरच्या खाली विषारी ठरतो. आपल्याला गाळलेली कोरडी हवाच लागते.

आता टाक्या आदल्या संध्याकाळी देतो. रात्रभर निवल्या की सकाळी तो वरचे 20 बार भरतो, जादा पैसे घेत नाही. कोल्हापुरात काटा 195 च्या वरच असतो. मे महिन्याच्या गर्दीत मात्र त्याला हे जमत नाही, म्हणून यंदा एप्रिलमध्येच टाक्या पोचवणार आहे.