केबिन ट्रॉलीचा रंग नंतर पाहा, आधी रिकामे वजन विचारा

केबिन ट्रॉली घ्यायला दुकानात गेले की विक्रेता आधी रंग दाखवतो, मग चारही चाके गुळगुळीत फरशीवर फिरवून दाखवतो आणि शेवटी आकड्यांचे कुलूप उघडून दाखवतो. रिकाम्या बॅगेचे वजन मात्र तो आपणहून सांगत नाही. विचारले तर 'एकदम हलकी आहे' एवढेच उत्तर मिळते. वास्तविक भारतातल्या विमानप्रवासात केबिन बॅगेची सगळी उपयुक्तता त्या एका आकड्यावर ठरते. मी सध्या वापरत असलेली बॅग एका भारतीय कंपनीची आहे. पॉलिकार्बोनेटचे कडक कवच, चार चाके, ५५ सेंटिमीटर उंची, सुमारे ३७ लिटर जागा आणि साडेतीन हजारांच्या आसपास किंमत असा तिचा थाट आहे. याच घडणीच्या बॅगा चार-पाच कंपन्यांच्या नावाने सगळीकडे मिळतात, त्यामुळे पुढचे बहुतेक सगळे त्या सर्वांनाच लागू पडेल.

ही बॅग रिकामी असताना २.७ किलो भरते. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या प्रवाशाला एक हातबॅग आणि तिचे कमाल वजन ७ किलो, असा आपल्याकडचा रूढ नियम आहे. म्हणजे सामानासाठी हातात उरतात फक्त ४.३ किलो. दोन जीन्स, तीन शर्ट, रात्रीचे व आतले कपडे, दाढीचे वा प्रसाधनाचे किट आणि जोडीला बुटांचा एक जोड, एवढ्यावर काटा सातला टेकतो. बॅगेत जागा मात्र अजून बरीच शिल्लक असते आणि ती रिकामी जागाच माणसाला मोहात पाडते. लग्नाला निघालेल्या व्यक्तीने दोन काठापदराच्या साड्या आणि एक जाड शाल वर ठेवली की झाकण सहज लागते, पण वजन आठ किलोंच्या पुढे गेलेले असते. ३७ लिटरची बॅग सात किलोंत बसवणे हे कपड्यांना जमते, कागदपत्रे, पुस्तके आणि चार्जर यांना जमत नाही. शे-दोनशे रुपयांपासून मिळणारा, हुकला बॅग लटकवून वजन दाखवणारा डिजिटल काटा या बॅगेसोबत घेतलाच पाहिजे, असे माझे मत आहे. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर बॅग उभी केली तर आकडा झाकला जातो. तिथे आधी स्वतःचे आणि मग बॅगेसह वजन करून वजाबाकी करावी लागते, हा त्यातल्या त्यात फुकटचा मार्ग.

मापाचा मामला वजनापेक्षा गुंतागुंतीचा आहे. बॅगेच्या चिठ्ठीवर 'केबिन साइज' असे छापलेले असते, परंतु केबिनचे एकच एक माप अस्तित्वात नाही. इंडिगोची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आहे, तर एअर इंडियाची ५५ × ४० × २०. तिन्ही बाजूंची बेरीज दोन्हीकडे ११५ सेंटिमीटरच येते, तरीही २५ सेंटिमीटर जाडीची बॅग एका कंपनीच्या नियमात चपखल बसते आणि दुसरीच्या नियमात पाच सेंटिमीटरने बाहेर पडते. शिवाय हे माप चाके आणि मूठ धरून मोजायचे असते. माझ्या बॅगेचे कवच ५५ सेंटिमीटरच्या आत आहे, पण चाकांसकट टेप लावली तर उंची ५६ भरते. व्यवहारात एका सेंटिमीटरसाठी कोणी अडवत नाही, हे खरे. तथापि मापाचा सांगाडा पुढे ठेवून 'यात घालून दाखवा' असे म्हटले, तर कडक कवच दबत नाही, हेही तितकेच खरे. कापडी बॅग अशा वेळी थोडी चेपते आणि आत सरकते.

या बॅगेला मधोमध एक जादा चेन आहे. ती उघडली की जाडी चार-पाच सेंटिमीटरने वाढते आणि दुकानदार तिचे कौतुक मोठ्या उत्साहाने करतो. केबिनमध्ये नेण्याच्या बॅगेला ही सोय देण्यामागचे तर्कशास्त्र मला उमगलेले नाही, कारण ती चेन उघडताक्षणी बॅग प्रत्येक विमान कंपनीच्या नियमाबाहेर जाते. परतीच्या प्रवासात खरेदी वाढली आणि बॅग चेक-इनमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात, टाकायची असेल तरच तिचा उपयोग आहे.

हातबॅगेखेरीज लॅपटॉपची किंवा खांद्याची लहान बॅग नेता येते, ही तरतूद अनेकांना ठाऊक असते, पण तिलाही मर्यादा आहे हे लक्षात येत नाही. इंडिगोमध्ये ही मर्यादा ३ किलोंची आहे. माझ्या मते या लहान बॅगेचा विचार ट्रॉलीच्या आधी करावा. औषधे, ओळखपत्र, घराच्या किल्ल्या, चष्मा, लॅपटॉप, चार्जर आणि पॉवर बँक या सगळ्या वस्तू तिच्यातच राहू द्याव्यात. विमान भरलेले असेल तर शेवटी चढणाऱ्या प्रवाशांच्या ट्रॉली दारातच टॅग लावून खाली सामानाच्या कप्प्यात पाठवल्या जातात, आणि त्या घाईत रांग अडवून बॅग उघडून पॉवर बँक शोधणे हा सर्वांनाच त्रासदायक प्रकार होतो.

पॉवर बँकेबद्दल इथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण नियम सोपा असूनही सर्वाधिक गोंधळ तिच्याविषयीच असतो. लिथियम बॅटरीची पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही. ती स्वतःजवळच ठेवावी लागते. क्षमता वॉट-अवरमध्ये मोजली जाते: १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची संमती लागते आणि त्यापुढे नेताच येत नाही. बाजारात मिळणारी २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे ती चालते. ज्या पॉवर बँकेवरचा छापील आकडा पुसला गेला आहे ती मात्र सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वीच आगीत सापडले. त्यानंतर मार्चपासून तिथे पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई झाली. एमिरेट्सने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विमानात तिचा वापर बंद केला आणि भारतातही आता उड्डाणात पॉवर बँकेने मोबाइल चार्ज करण्यास मनाई आहे. या पार्श्वभूमीवर, 'इनबिल्ट यूएसबी पोर्ट' असलेली जी महागडी ट्रॉली मिळते, तिच्यावर पैसे खर्च करण्यात काही अर्थ उरलेला नाही. तिची बॅटरी सुटी करता येत नसेल तर ती बॅग सरळ नाकारावी.

माझ्या बॅगेला पुढच्या बाजूने लॅपटॉपचा वेगळा कप्पा नाही. सुरक्षा तपासणीत लॅपटॉप व पॉवर बँक बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवाव्या लागतात, आणि दोन पाखांची ही ट्रॉली त्यासाठी टेबलावर पूर्ण आडवी उघडावी लागते. मागच्या प्रवाशांसमोर आपले कपडे मांडण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी पुढे कप्पा असलेला प्रकार घ्यावा. तो दोन-तीनशे ग्रॅमने जड असतो, एवढेच.

आपल्या घरांतून निघणाऱ्या सामानाचे नियमही पाहायला हवेत. चकली, चिवडा, शंकरपाळे, लाडू, पुरणपोळी हे सगळे केबिनमध्ये बिनधास्त न्यावे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र नेऊ नयेत. खोबऱ्यात तेलाचे प्रमाण इतके असते की ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते, त्यामुळे ते केबिनमध्येच नव्हे, तर चेक-इनच्या सामानातही अडकते. शबरीमलाच्या यात्रेकरूंना हंगामापुरती इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेण्याची खास सवलत गेल्या काही वर्षांत द्यावी लागली, यावरून मूळ नियम किती कडक आहे ते कळते. लाल तिखटाची पूड हातबॅगेत नको, ती चेक-इनमध्ये टाकावी. लोणच्याची बरणीही तिथेच बरी, अर्थात तेल गळणार नाही अशी गुंडाळून. काडेपेटी आणि लायटर भारतातल्या विमानतळांवर केबिनमध्ये चालत नाहीत. परदेशी निघालेल्यांना याशिवाय द्रवांची अट पाळावी लागते: प्रत्येक बाटली जास्तीत जास्त १०० मिलिलिटरची आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या, पुन्हा बंद करता येणाऱ्या पारदर्शक पिशवीत मावणाऱ्या. इथे श्रीखंड आणि तूप हेही द्रवच मानले जातात, आणि डबा अर्धा रिकामा असला तरी हिशेब डब्यावर छापलेल्या क्षमतेचाच होतो. मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या ज्येष्ठांना हे आधी समजावून सांगितले पाहिजे, कारण अर्धा किलोचा आम्रखंडाचा डबा तपासणीच्या टेबलावर सोडून देणे कोणालाही जड जाते.

चाकांविषयी मत संमिश्र आहे. मुंबईच्या टर्मिनल २ मध्ये (टी-२) प्रवेशद्वारापासून शेवटच्या गेटपर्यंत चालत जाताना ही बॅग बोटाच्या धक्क्याने सोबत येते आणि खांद्याला काही जाणवत नाही. डीजीयात्राच्या फाटकातून चेहरा दाखवून आत शिरताना एक हात मोकळा राहतो तो वेगळाच. विमान लांब उभे असेल आणि बसने जावे लागले की चित्र पालटते. चालकाने वळण घेतले की चारचाकी ट्रॉली आपली जागा सोडून दुसऱ्याच्या पायांवर जाते, आणि एका हाताने दांडा व दुसऱ्या हाताने मूठ धरून उभे राहावे लागते. चाकांना ब्रेक नाही. पुढे शिडी आली की २.७ किलोंचे ते रिकामे वजनही जाणवू लागते. विमानतळाबाहेरच्या खडबडीत पदपथावर तर लहान चार चाकांपेक्षा जुन्या पद्धतीची मोठी दोन चाके कितीतरी बरी. कोल्हापूर, जळगाव यांसारख्या ठिकाणी जाणाऱ्या एटीआर या लहान, पंख्यांच्या विमानांत डोक्यावरचे कप्पे लहान असतात. एरवी चालून जाणारी ही बॅगही तिथे मावत नाही आणि विमानापाशीच काढून घेतली जाते. त्या मार्गांवर मऊ सॅक घेऊन जाणेच शहाणपणाचे.

थेट बॅगेशी संबंध नसलेली, पण चाके असोत वा नसोत, सगळ्यांना लागू असलेली एक सूचना इथेच देतो. तिकिटावरचा विमानतळ आणि टर्मिनल निघण्यापूर्वी पुन्हा वाचावे. मुंबईत टी-१ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टी-२ सहारला आहे. मेट्रो ३ वरही दोघांची स्थानके निरनिराळी आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही उड्डाणे सुरू झाली आहेत, आणि गोव्यात दाबोळी व मोपा असे दोन विमानतळ आहेत. तिकिटावर बीओएम आणि एनएमआय (मुंबई व नवी मुंबई), किंवा जीओआय आणि जीओएक्स (दाबोळी व मोपा) ही अक्षरे सारख्याच बारीक टायपात छापलेली असतात. चेक-इनचे सामान असेल तर देशांतर्गत काउंटर साधारणतः उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो; नुसती केबिन बॅग आणि मोबाइलवर बोर्डिंग पास असेल तर ही घाई टळते, आणि ट्रॉलीचा खरा फायदा मला तोच वाटतो.

कुलुपावर 'टीएसए' असे कोरलेले आहे. अमेरिकेतल्या तपासणी अधिकाऱ्यांना स्वतःच्या किल्लीने चेक-इनची बॅग उघडता यावी, यासाठी ते असते. आपल्या हातात राहणाऱ्या बॅगेला त्याने काही फरक पडत नाही, त्यामुळे त्यापोटी जास्तीचे पैसे मोजू नयेत. कवचावर ओरखडे लवकर उमटतात, गडद निळ्यावर तर फारच. भेग मात्र कुठे गेलेली नाही. ओढायचा दांडा पूर्ण वर काढला की किंचित हलतो. आतले अस्तर पातळ आहे, पण दोन्ही बाजूंचे आडवे पट्टे कपडे घट्ट धरून ठेवतात आणि इस्त्री बऱ्यापैकी टिकते.

मुंबई-दिल्ली किंवा पुणे-बेंगळूरु अशा मार्गांवर दोन-तीन दिवसांसाठी कपडे घेऊन जाणाऱ्याला ही बॅग घेण्यास हरकत नाही. पाचपैकी तीन गुण देईन. लॅपटॉपबरोबर जाड फायली वाहणाऱ्याने किंवा लहान शहरांना जाणाऱ्याने किलोभर वजनाची, समोरून पूर्ण उघडणारी सॅक घ्यावी. त्याच सात किलोंत दीड किलोहून अधिक सामान जास्त मावते. युरोपात पुढचे विमान बदलणाऱ्यांनी तिथल्या कंपनीचा नियमही पाहावा: लुफ्थान्साला इकॉनॉमीत ८ किलो चालतात, ब्रिटिश एअरवेजला केबिन बॅग २३ किलोंपर्यंत चालते, परंतु प्रवासाचा एक टप्पा जरी सात किलोंचा असला तरी बॅग त्याच मापाने भरावी लागते. दुकानात जाताना टेप आणि लटकवायचा काटा दोन्ही सोबत न्यावेत, बॅग चाकांसकट मोजावी, आणि तुटलेले चाक बदलून मिळते का व किती रुपयांत, हे वॉरंटीच्या कागदावर लिहून घ्यावे, कारण या किमतीच्या बॅगांत कवचाआधी चाकेच जातात.