जुनी फोर-व्हील पिकअप जीप घरच्या शेडमध्ये दुरुस्त करून पुन्हा उभी केली : एका पावसाळ्याच्या वापरानंतरचा अनुभव

रंग ताजा असताना कुठलीही जुनी गाडी देखणीच दिसते. ती खरी कळते पाऊस, चिखल आणि वजन अंगावर घेतल्यावर. म्हणून आमची जीप दुरुस्त होऊन चालू झाली तेव्हा काही लिहिलं नाही. गगनबावड्याच्या बाजूचा एक अख्खा पावसाळा, मग ऊसतोडीचा हंगाम आणि अधूनमधून करूळ घाटाने कोकणात जाणंयेणं, एवढं झाल्यावर आता लिहितोय.

गाडी महिंद्राची, नव्वदच्या दशकातली, लांब चासीची (चासी म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा), फोर-व्हील. पुढे केबिन, मागे हौदा. इंजिन २५२३ सीसीचं डायरेक्ट इंजेक्शन डिझेल. त्याचं घराणं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरचं, त्यामुळे आमच्याकडचे जुने ड्रायव्हर त्याला अजून ‘इंटरनॅशनल’च म्हणतात. पाव्हण्यांच्या पोल्ट्रीमागे ती बरीच वर्षं नुसती उभी होती. काम मी आणि धाकट्या भावाने घरच्या शेडमध्ये केलं, लेथचं आणि मशीनचं काम कोल्हापुरात उद्यमनगरात करून घेतलं, आणि अडलं की एका वयस्कर फिटरना बोलावलं. त्यांना आम्ही मामा म्हणतो. पहिल्याच दिवशी मी रंगाची शेड दाखवायला गेलो तर ते म्हणाले, “ते ऱ्हाऊ दे रे बाळा. आधी गाडीखाली झोप.”

माझं मतही आता तेच आहे. पैसा आणि वेळ घालायचा तो खाली: चासी, दोन्ही ॲक्सल (ज्यांच्या टोकांना चाकं बसतात ते आडवे भाग), स्टिअरिंग, ब्रेक. इंजिन त्यानंतर, पत्रा आणि रंग सगळ्यात शेवटी. आमच्या एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त खर्च अशा भागांवर झाला जे गाडीशेजारी उभं राहून दिसतसुद्धा नाहीत. आणि पावसाळ्यात जे टिकलं ते सगळं त्या खर्चामुळे टिकलं.

चासीपासून सुरुवात केली. हौदा आणि केबिन उतरवून चासी नुसती केली, वायरब्रश लावलेल्या ग्राइंडरने गंज काढला, आणि आधी दोन्ही बाजूंचे कर्ण टेपने मोजले. कर्ण सारखे भरले नाहीत तर चासी वाकडी आहे. मग पुढचं सगळं काम थांबवून ती सरळ करून घ्यावी लागते. आमची सरळ निघाली. गंज होता तो नेहमीच्या जागी: मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरपाशी आणि हौद्याखालच्या आडव्या मेंबरच्या आत, जिथे चिखल साठतो आणि वाळत नाही. तिथलं सडलेलं लोखंड पूर्ण कापून नवीन तुकडा घातला. गंजावरून वेल्डिंग मारलं तर टाका धरत नाही, हे वेल्डर कितीही घाईत असला तरी त्याला ऐकवावं लागतं. वेल्डिंगच्या वेळी बॅटरीची आणि अल्टरनेटरची जोडणी सोडून ठेवा.

रेड ऑक्साइड सगळेच मारतात, पण तो एकटा ओल अडवत नाही, त्याच्यावर रंगाचा थर लागतोच. आम्ही इपॉक्सी प्रायमर, त्यावर काळा इनॅमल आणि बंद भागांच्या आत मेणाचा फवारा असं केलं. पावसाळा संपल्यावर पाण्याच्या फवाऱ्याने खालचं सगळं धुऊन बघितलं. हँगरचे सांधे कोरडे आणि स्वच्छ. फक्त चाकांच्या मागे दगड उडून रंगाचे टवके गेले होते, तेवढं पुन्हा मारलं.

आता पुढचा ॲक्सल, कारण या जीपमध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. ॲक्सलच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळा असतो आणि त्याच्यावर नकल, म्हणजे चाक वळवणारा भाग, फिरतं. त्याच्या आत चाकाला ताकद देणारा जॉइंट ग्रीसमध्ये बसलेला असतो. गोळ्याचा पृष्ठभाग गंजून खरबरीत झाला की तो सील खातो. सील फाटलं की ग्रीस बाहेर आणि पाणी आत. मग कितीही नवीन सील घाला, एका हंगामात पुन्हा तेच. आमचा एक गोळा पॉलिश करून चालला, दुसरा बदलावा लागला. नकलच्या वर-खाली किंगपिनचे (ज्यावर नकल वळतं त्या पिनचे) बेअरिंग असतात आणि त्यांचा ताण टोपीखालच्या शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, ठरतो. मामांची पद्धत अशी: सील लावण्याआधी, स्टिअरिंगचा रॉड सोडवून, नकलच्या दांड्याला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि ओढून बघायचं. काटा किती दाखवतो त्यावर शिम कमी-जास्त करायच्या. हाताने हलवून “बसलं बरोबर” म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. खड्डा लागल्यावर पुढची चाकं थडथडायला लागतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं या बेअरिंगमध्ये किंवा घासलेल्या टाय रॉड एंडमध्ये (पुढची चाकं जोडणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकात) असतं. आमच्या गाडीत काम व्हायच्या आधी हे होतं. आता घाट उतरताना, रिकाम्या हौद्यानेही, चाकं शांत आहेत.

ट्रान्सफर केसबद्दल, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे पाठवणाऱ्या डब्याबद्दल, मला मनापासून आदर वाटतो. ही रचना स्पायसर १८ ची, १९४१ पासूनच्या विलीज जीपमधून चालत आलेली. साखळी नाही, पट्टा नाही, सगळे गिअर. दोन छोटे दांडे: एक पुढची चाकं जोडतो, दुसरा हाय-लो करतो. लोमध्ये २.४६ पट ताकद मिळते, आणि पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडत नाही, कारण तेवढा सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येऊ नये. हाय रेंजमध्येसुद्धा ताकद सरळ जात नाही. एकातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरकडे जाते. म्हणून चालताना बारीक कूं कूं आवाज येतोच, तो दोष नाही. आवाजाला खरखर लागली किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर दांडा आपोआप न्यूट्रलला आला, तर मात्र मधल्या गिअरचा शाफ्ट आणि बेअरिंग उघडून बघा. आमचा शाफ्ट झिजलेला होता. उद्यमनगरात नवीन घडवून घेतला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे वॉशरही बदलले.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर यांच्यामध्ये एक सील आहे, आणि ते गेलं की एका डब्यातलं तेल दुसऱ्यात सरकतं. खाली जमिनीवर थेंबही पडत नाही, पण एक डबा कोरडा आणि दुसरा भरून वाहतो. त्यामुळे लेव्हल बघताना दोन्ही बोल्ट उघडायची सवय लावली आहे.

चालवण्याबद्दल एक गोष्ट नव्याने फोर-व्हील घेणाऱ्यांना सांगावीशी वाटते. या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि कोरड्या डांबरावर तो फरक कुठूनच सुटत नाही. सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठतो. म्हणून फोर-व्हील फक्त चिखलात, गवतावर, खडीवर. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे हवेत, तेही याचसाठी. आम्ही ६.००-१६ चे अरुंद लग (खोल खाचांचे) टायरच ठेवले. रुंद टायर दिसतात छान, पण आमच्या तांबड्या चिखलात अरुंद टायर वरचा राडा कापून खालच्या घट्ट थराला लागतो. साळवणच्या पुढे शेतातून खताची पोती बाहेर काढताना, लो सेकंडला, गाडी एकदाही पोटावर बसली नाही.

पाण्याचं बोललं पाहिजे. ॲक्सलच्या नळीवर हवा सुटायला एक बारीक ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजलेला असेल आणि गरम ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला, तर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी तेल ताकासारखं पांढरं. आम्ही दोन्ही ब्रीदरना रबरी नळी लावून ती वर बॉनेटजवळ आणि हौद्याच्या कोपऱ्यात नेली. अगदी किरकोळ खर्चाचं काम आहे, पण पावसाळ्यात प्रत्येक वेळी तेल तपासलं तेव्हा ते स्वच्छ निघालं. एवढं एकच काम करणार असाल तर हे करा.

तरी एक गळती आलीच. श्रावणात मागच्या पिनियनचं (ॲक्सलमध्ये ताकद नेणाऱ्या छोट्या गिअरचं) सील पुन्हा तेल गाळायला लागलं. सील नवं होतं. पण ज्या फ्लँजवर (पिनियनला शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्यावर) ते घासतं तिच्यावर जुन्या सीलने वर्षानुवर्षं फिरून खाच पाडलेली होती. त्या खाचेवर कुठलंच सील बसत नाही. फ्लँजवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवून घेतली, तेव्हापासून कोरडं आहे. प्रोपेलर शाफ्टचे (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, बदलताना शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान एका रेषेत येतील असे जोडा, नाहीतर चाळीसच्या पुढे सगळी फरशी कंप पावते. आणि पाट्यांचे यू-बोल्ट वजन घालून थोडं चालवल्यावर पुन्हा आवळा; ते सैल पडतातच.

इंजिनबद्दल कमी लिहितो, कारण त्याने त्रासच दिला नाही. डिझेलची टाकी आतून धुतली, नोझल आणि पंप डिझेल लॅबमध्ये तपासून घेतले, हेड उघडलंच होतं म्हणून व्हॉल्व्ह बसवून नवं पॅकिंग टाकलं, रेडिएटर साफ केला. डायरेक्ट इंजेक्शन असल्याने हीटर प्लगची भानगड नाही, टायमिंगला गिअर आहेत, पट्टा तुटायची भीती नाही. डिसेंबरच्या पहाटे सेल्फ मारला की लगेच सुरू होतं. ॲव्हरेज लिटरला दहाच्या आसपास, घाटात आणि लोमध्ये बरंच कमी. आवाज आहे, धक्के आहेत, साठच्या पुढे गाडीला नेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचेच ठेवले. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, सगळे पाइप आणि होज नवे. पाइप स्टीलचे घ्या. तांब्याचा पाइप वाकवायला सोपा, पण कंपाने कडक होऊन तडकतो. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ओले असतात आणि ब्रेक लागत नाही, तेव्हा थोडं अंतर पाय हलका दाबून चालवायचं म्हणजे लायनिंग सुकतं. घरातल्या प्रत्येकाला गाडी देण्याआधी हे शिकवलं आहे.

हौद्याला चेकर्ड पत्रा टाकला आणि कोपऱ्यांत पाणी जायला भोकं ठेवली. भोकं ठेवायला बॉडीवाले कंटाळा करतात, पण ती नसतील तर ओल्या मातीचा थर हौदा खालून खातो. केबिनच्या दारांच्या रबरातून जोराच्या पावसात अजून पाणी येतं, आणि वायपर त्या पावसापुढे कमी पडतो. हे दोन्ही पुढच्या मेच्या आत बघायचं आहे. हेडलाइटला रिले (स्विचवरचा भार काढून घेणारा भाग) लावल्यावर उजेडात मात्र जमीनअस्मानाचा फरक पडला; जुन्या वायरिंगमध्ये सगळा करंट स्विचमधून जात होता.

कागदपत्रांकडे गाडी घेण्याआधीच बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, त्यामुळे आरसीवर बॉडीचा प्रकार काय आहे, इंजिन आणि चासी नंबर जुळतात का, इंधन कुठलं लिहिलं आहे, हे आधी तपासा. खासगी नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मालवाहू पिवळ्या पाटीची गाडी असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस. नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये वाढली, वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढली, आणि वर पर्यावरण कर आहेच. हा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करा.

ही गाडी कोणी करावी? ज्याला आठवड्यातून निदान एकदा डांबर सोडून जावं लागतं, आणि ज्याच्याकडे छप्पर, जॅक, स्टँड आणि धीर आहे, त्याने जरूर करावी. रोज हायवेने ये-जा असेल तर नको. सुट्या भागांचं टेन्शन फारसं नाही: बेअरिंग, सील, क्रॉस, नोझल अजून सहज मिळतात, अडलंच तर पुण्याची नाना पेठ आहे, मुंबईत कुर्ला आहे, आणि उद्यमनगरात तर नमुना दाखवला की भाग घडवून मिळतो. हळूहळू दुर्मीळ होतायत ते चांगले नकलचे गोळे आणि न झिजलेली ट्रान्सफर केसची हौसिंग.

म्हणून गाडी बघायला जाताना एक फडकं आणि टॉर्च बरोबर न्या. बॉनेट उघडण्याआधी पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला जाऊन ते दोन्ही गोळे पुसा आणि त्यांच्यावरून बोट फिरवा. गुळगुळीत असतील तर बोलणी सुरू करा. बोटाला खड्डे लागले तर दोन गोळे, सील, बेअरिंग आणि मजुरी एवढे पैसे मालकाने सांगितलेल्या किमतीतून कमी करायला सांगा. तो नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा.